रवीदादा आणि परक्यांची पुस्तकं

रवीदादा बांगरला मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. धसईला टेनिस बॉल क्रिकेटची टूर्नामेंट होती. मी भावाची मॅच बघायला गेले होते आणि मांडवातल्या भोंग्यातून एक आवाज येत होता. कुणी आउट झालं की तो आवाज अगदी मायेने म्हणायचा, "चला, घरी भाकर गरम असंल, जाऊन बसा." आउट झालेला मुलगासुद्धा हसत परत यायचा. मॅच संपल्यावर मी मांडवामागे डोकावले, तर एक किडकिडीत माणूस खुर्चीवर बसून चहा पीत होता. एवढा आवाज एवढ्याशा छातीत मावतो कुठे, असं मला वाटलं.

मुरबाडला स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. हिवाळ्यात कॉमेंट्री आणि वर्षभर दर रविवारी दुपारी, दुकानामागच्या खोलीत, रोलप्लेइंगचा खेळ. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका चुलतभावाने त्याला या खेळाचं मूळ पुस्तक दिलं होतं. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही ते फासे ठरवतात. चालवणारा नेहमी रवीदादाच. खेळणारे आम्ही तिघं: त्याची बायको माधुरीवहिनी, शेणव्याच्या शाळेत शिकवणारा जयेश आणि शहापूरला मेडिकलमध्ये काम करणारी मी. जयेश मला शहापुरातून बाईकवर घेऊन यायचा.

रवीदादाच्या गोष्टी सिद्धगडाच्या जंगलात घडायच्या. तिथे एक राजा असायचा, त्याची चिडखोर आई, एक बोलणारं अस्वल, आणि सगळ्यांचे आवाज तो एकटाच काढायचा. जयेशला मात्र नवं काहीतरी हवं असायचं. या खेळासाठी मूळ कंपनीशिवाय इतरही लोक, म्हणजे आमच्या बोलण्यात 'परके', जोडपुस्तकं लिहितात, त्यात नवे राक्षस, नवी राज्यं, तयार गोष्टी असतात. जयेश मोबाईलवर अशी पुस्तकं दाखवून म्हणायचा, दादा, हे घेऊ या. रवीदादा आधी नमुन्याची पानं वाचायचा. मग त्याचे दोन प्रश्न ठरलेले. "लिहिणारा सोता कधी खेळलाय का रे? आनि हे टेबलावर येनार का कपाटात जानार?" उत्तर पटलं नाही तर तो विषय तिथेच मिटायचा. आवडलं तर तो लेखकाला पैसे देऊनच घ्यायचा. झेरॉक्सचं दुकान असून त्याने फुकट मिळालेलं पुस्तक कधी छापलं नाही.

एकदा जयेशच्या हट्टाने त्याने राक्षसांचं आणि नव्या शक्तींचं एक पुस्तक घेतलं. चित्रं देखणी होती. जयेशने त्यातली शक्ती घेतली आणि त्याचा योद्धा एका झटक्यात लढायला, जखमा भरायला, सगळ्यालाच पुरा पडू लागला. खेळात वहिनी आमची वैद्य होती. त्या दुपारी तिला करण्यासारखं काहीच उरलं नाही. ती मध्येच उठून चहा ठेवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. पुढच्या रविवारी पुस्तक टेबलावर नव्हतं. जयेशने विचारलं तेव्हा रवीदादा शांतपणे म्हणाला, "पुस्तक चांगलंय रे. पन त्याने माधुरीला बसायला जागा नाय ठेवली." मला वाटतं, हा माणूस मला पुरता कळला तो या एका वाक्यात.

मग एका हिवाळ्यात त्याचा आवाज बसला. मैदानावरची धूळ म्हणून त्याने हळद-दूध घेतलं, गुळण्या केल्या. आवाज परत आला नाही. आधी ठाणे, मग मुंबई झाली. गळ्याचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. तो घरी आला तेव्हा गळ्याला भोक होतं, आणि त्यातून श्वास तेवढा यायचा. त्याने टूर्नामेंटवाल्यांचे फोन उचलणं सोडलं. दुकानात भाचा बसू लागला. आम्ही भेटायला गेलो की तो भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं दाखवायचा, आणि वहिनी आम्हाला ओट्यावर बसवून चहा द्यायची. रविवार बंदच झाले.

बऱ्याच महिन्यांनी त्याचा मला मेसेज आला. सोबत एका परक्या लेखकाच्या पुस्तकाची नमुन्याची पानं होती. मोठ्या नदीच्या उगमापर्यंत जाणाऱ्या प्रवासाची ती गोष्ट होती. खाली त्याने लिहिलं होतं, "वाचून बघ. हे घ्यायचं का?" मला नवल वाटलं. मी विचारलं, दादा, चालवणार कोण? त्याने लिहिलं,

"तू. याच्यात सगळं लिवलेलं हाय, वाचून दाखवलं तरी चालतंय. मी इतकी वर्षं गोष्ट सांगितली, मी कधी खेळलोच नाय गो. मला एकदा आत जायचंय."

त्याच आठवड्यात कळलं की आजार फुप्फुसात पोचलाय. जयेश आणि मी त्याच्या घरी ओट्यावर बसून पुस्तकाचं ठरवत होतो. नदीची गोष्ट लांबलचक होती, रविवारचे रविवार धरले तर वर्षभर पुरणारी. त्याच लेखकाची दुसरी छोटी गोष्ट होती, दोन-तीन बैठकांत संपणारी. जयेश खाली बघत म्हणाला की छोटी घेऊ, निदान दादाला शेवट तरी मिळेल. मलाही तेच बरोबर वाटत होतं. वहिनी दारात उभी होती. ती इतक्या हळू बोलली की आत ऐकू जाऊ नये.

"मोठंच घ्या. छोटं आनलंत तर ह्यांना कळंल आपन काय मोजतोय ते."

आम्ही मोठं घेतलं.

रवीदादाने स्वतःसाठी एक नावाडी निवडला, अखंड बडबड करणारा. त्याचं बोलणं तो मोबाईलवर लिहायचा आणि वहिनी ते मोठ्याने वाचायची. सुरुवातीला ती शाळेतल्या धड्यासारखं वाचायची. हळूहळू तिला लय सापडली. एकदा घाटावरच्या जकातदाराने नावाड्याला अडवलं. रवीदादा अजून लिहीत होता, तोवर वहिनीच बोलून गेली, "नाव तुझ्या बापाची नाय, नदी तुझ्या आईची नाय, मग पैसे कसले?" रवीदादाने मोबाईल खाली ठेवला. त्याचे खांदे हलत होते. आवाज नव्हता, म्हणून तो हसतोय हे कळायला आम्हाला एक क्षण लागला. त्या दुपारी त्याने फासे तीनदा चुंबून टाकले, आणि तिन्ही वेळा वाईट पडले तरी तो खूश होता.

मग तो बसेनासा झाला. आम्ही टेबल त्याच्या खाटेला लावलं. पुढे फासेही वहिनीच टाकायची. धबधब्याखालच्या एका बेटावर आमची नाव लागली होती, तेव्हा पावसाळा संपत आला होता. पुढच्या रविवारच्या आधी एका सकाळी वहिनी पेज घेऊन गेली, तर तो गेला होता.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. वहिनीने आम्हाला बोलावून घेतलं. तिने खोली झाडून ठेवली होती, खाट काढली होती. तिने मला विचारलं की खेळणारा नसला तर त्याच्या माणसाचं काय होतं. मी म्हटलं, आपण ठरवू ते. काही जण त्याला गावी पाठवतात, काही जण तिथेच ठेवतात.

"बेटावर एकटं नका ठेवू त्यांना," वहिनी म्हणाली. "तेवढी नदी पार करा."

मी पुस्तक उघडलं आणि धबधब्याचं पान वाचायला घेतलं.  जयेशने नावेचा दोर धरला, मी पाण्याचं वर्णन केलं, आणि नावाड्याने काय म्हणायचं ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. वहिनी खाट असायची त्या रिकाम्या भिंतीकडे वळली. मग बोलू लागली. ती पाण्याशी बोलली, वल्ह्याशी बोलली, आम्हाला घट्ट बसायला सांगितलं, जयेशच्या पोटावरून चेष्टा केली. थांबलीच नाही. पुस्तकात पलीकडचा काठ केव्हाच आला होता, पण तसं सांगायला माझी जीभ रेटेना, आणि मी नदी रुंद करत गेले.