छातीवरचं नाव

माझ्या वहिनीला उद्याचं काम आजच उरकायची खोड. या खोडीने एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचं बिंग फोडलं.

संघ मूळचा रेडिओच्या कारखान्यातला. पाळी संपली की कामगार आवारात खेळत. पुढे मालकाने पगारी खेळाडू ठेवले. कारखाना बुडाला, संघ तेवढा तरला. मग तो बिस्किटवाल्याने घेतला, त्याच्याकडून बिल्डरने. दरवेळी संघाचं नाव बदले, चिन्ह बदले. स्टेडियमखाली, बॉयलरशेजारच्या कोंदट खोलीत वहिनी जुनं उसवायची, नवं शिवायची. छातीवरचं शहराचं नाव मात्र कायम. ते धिप्पाड खेळाडू तिला काकू म्हणत आणि चड्डीचं इलॅस्टिक सैल झालं तरी तिलाच शोधत येत.

बिल्डरने संघ दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं, तेही गुपचूप. मॅनेजर वहिनीला म्हणाला, "काकू, शेवटचा सामना झाला की छातीवरची नावं उसवा. तुम्हालाही तिकडे नेतो. पण कुठे बोलायचं नाही."

वहिनी हरखली. दादा म्हणाला, "जा बाई. इथे राहून माझंच डोकं खाशील."

आणि सामना व्हायच्या आदल्याच दिवशी ही बाई सगळी नावं उसवून मोकळी झाली!

खेळाडूंनी गडबडीत शर्ट चढवले, वर जॅकेटं. मैदानात जॅकेटं उतरली. विटक्या निळ्या कापडावर, नाव होतं तिथे गर्द निळी अक्षरं. संघ शहर सोडणार अशी कुजबूज आधीपासून होतीच. आता सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं.

मध्यंतरात मॅनेजर धापा टाकत खाली आला. "काकू, चढवा परत! धुताना निघालं म्हणून सांगतो. नाहीतर तिकडचं विसरा."

वहिनीने सुई घेतली. तेवढ्यात कॅप्टनने शर्ट काढून तिच्या मांडीवर टाकला. त्या पोरांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

"काकू, आम्ही जातोय का?"

मॅनेजर तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. वहिनीने सुई खाली ठेवली.

"जाताय."

"आणि तुम्ही?"

"मी आता कसली येते!"

संघ गेला. टीव्हीवर त्यांचा सामना लागला की वहिनी येरझाऱ्या घालत बघते. दादा म्हणतो, "अगं, बूड टेक जरा." ती कसली ऐकते!

"बघ, बघ, काखेत ओढतंय त्याला. कोण शिवतं रे हे?"