देवाजीभाऊंचा ट्रेबल

मॅंगनीजची काळी धूळ आणि किस्से, दोन्हींचं एकच. झाडा, पुसा, संध्याकाळपर्यंत पुन्हा थर! चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरमध्ये गाणी वाजवायचा एक अँप, म्हणजे अँप्लिफायर, आहे. त्याच्या तीन-चार बटनांवर इतके किस्से साचलेत, की रविवारी दुपारी पंख्याखाली डोळा लागायला आला की एकेक आपोआप वाजायला लागतो. आठवतील तसे सांगते.

*

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या ह्यांनी, म्हणजे सुखदेवनी, तुमसरहून अँप आणला. दुकानदाराने बजावलं होतं, "बास, ट्रेबल, बॅलन्स, तिन्ही बटनं मधात, बराबर मधोमध ठेवजा. मधात सगळं बरोबर असते."

हे घरी आले, अँपसमोर खुर्ची ओढून बसले आणि ताटातला भात गार होईपर्यंत बटनं फिरवत राहिले. मी म्हटलं, "अवो, मधात ठेवाले सांगतलं ना त्यानं?"

"मधातच ठेवायचे होते, तं फिरणारे कायले देल्ले?"

मी भात पुन्हा गरम करायला ठेवला.

*

क्वार्टर दोन खोल्यांचं. एक स्पीकर समोरच्या खोलीत, दुसरा मी भांडून स्वयंपाकघरात घेतला. आता गंमत अशी, की आमच्या एका जुन्या कॅसेटीत गाणारी एका स्पीकरात आणि वाजवणारे दुसऱ्यात! गाणारी आली माझ्याकडे, तबला-सतार गेली ह्यांच्याकडे. भात रटरटतोय, वाफ खिडकीतून चाललीय, आणि ती बाई फक्त माझ्यासाठी गातेय. माझे हात तिथेच थांबायचे. खरं सांगते, तेवढं सुख मला माहेरीही मिळालं नाही.

पुढे भाचीच्या लग्नात सगळ्यांनी धरलं, दोघं मिळून गाणं म्हणा. मी सुरू केलं. ह्यांना एक शब्द येईना! पण माझं कडवं संपलं, की मधली सतार तोंडाने बरोबर वाजवत, एक ठोका न चुकता.

नणंद म्हणाली, "वहिनी, दादा तुमच्या घरीच राहते, का शेजारी?"

*

आता देवाजीभाऊ. ह्यांचे मित्र, दर रविवारी आमच्याकडे गाणी ऐकायला येणारे. खाणीत खाली ड्रिल चालवून चालवून कान गेलेले. आवाज यायचा, पण जाडा-भरडा. बारीक, टोकदार ते सगळं गळून जायचं. लग्नाकार्यात लोक हसले की भाऊ मागून हसायचे. मग लग्नांना जाणं सोडलं, पारावर बसणं सोडलं. शेवंताबाई, त्यांच्या घरच्या, मला म्हणाल्या, "एक तुमचा रविवार रायला, बाई. तोबी सुटला तं मानूस भिंतीकडं पाहत बसन."

त्या दिवसापासून मी एक नेम धरला. भाऊ यायच्या आधी ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं बटन, वाढवून ठेवायचं. भाऊ "जयभीम बाई" म्हणून बसायचे, डोळे मिटायचे आणि त्यांचं तोंड हळूहळू उजळत जायचं. म्हणायचे, "असा साफ आवाज अख्ख्या कॉलनीत नाही!"

साफ? आमच्या कानात सुया जात होत्या!

*

रविवारी गाणी ऐकणारे तिसरे, आमचे शाळेचे गुरुजी. त्यांना नाजूक गाण्यांची हौस. पहिल्याच रविवारी स्वयंपाकघरात आले. "बाई, झांजा माझ्या दातात वाजून राहिल्या!" मी त्यांना भाऊंचं सांगितलं.

पुढच्या रविवारी दोन्ही कानांत कापूस घालून हजर! भर मे महिन्यात. भाऊंनी विचारलं, "काय झालं गा गुरुजी?"

"सर्दी," गुरुजी ओरडून म्हणाले.

भाऊंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "कानाले जपा, गुरुजी. माह्यासारखे ठेवा."

*

एकदा नागपूरहून माझा भाचा आला. दोन बुकं शिकलेला. अँप पाहून कपाळावर हात मारला, "मावशी, हे कायचं सेटिंग?" मी धुणं वाळत घालायला मागे गेलेली, तोवर त्याने सगळी बटनं मधात आणली. आवाज इतका गोड झाला, की हे घोरायलाच लागले!

भाऊ आले. बसले. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. अर्ध्या गाण्यातून उठले. "आज तुमचा अँप बिमार आहे," म्हणाले आणि चपला घालून गेले.

पुढचे दोन रविवार आलेच नाहीत. तिसऱ्या रविवारी मी स्वतः गेले. भाऊ खरंच भिंतीकडे तोंड करून बसलेले. मी त्यांच्या समोर जाऊन ओरडले, "भाऊ, अँप सुधरला, चला!"

भाच्याला मात्र पुढचे सहा महिने, येईल तेव्हा, मी भाजीत मीठ कमी घातलं.

*

होता होता दरवर्षी बटन थोडं पुढे सरकत गेलं आणि एक दिवस शेवटाला जाऊन टेकलं. त्यापुढे जागाच नव्हती. भाऊंच्या तोंडावरचा उजेड कमी होत चाललेला मला दिसत होता. मी ह्यांना म्हटलं, "आता काय करायचं?" आयुष्यभर बटनं फिरवणाऱ्या ह्यांनी ते बटन आणखी पुढे रेटून पाहिलं; हललं नाही.

त्या पावसाळ्यात भाऊंच्या मुलीने त्यांना भंडाऱ्याला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. आल्यावरचा पहिला रविवार. शेवंताबाईही सोबत आल्या. मी उंबऱ्यात उभी. ट्रेबल शेवटालाच होता, कमी करायचा धीर कोणाला होणार! ह्यांनी गाणं लावलं.

भाऊंनी डोळे मिटले. मग कपाळाला आठी पडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते उठून अँपजवळ गेले. स्वतःच्या हाताने ते बटन मागे आणत आणत मधात आणून सोडलं. गाणं मऊ झालं, पसरलं, खोलीभर झालं.

मग वळून आम्हा सगळ्यांवर खेकसले,

"धडधाकट कान असून असं कसं आयकत होते जी तुमी इतके वर्षं?"