आत्याच्या तंबूवरून जाणारी वाट

माझी जाऊ फ्रेजा पक्की हट्टी. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, चार दिवस घरात बस. ही दुसऱ्याच दिवशी शेळ्या घेऊन खडकांत. आमच्या सिनाईतल्या त्या तांबड्या खडकांत गल्लीला गल्ली फुटते आणि निम्म्या गल्ल्या पुढं भिंतीलाच टेकतात. फ्रेजा तिथं घरातल्यासारखी वावरते.

बाहेरच्या पाहुण्यांना खडकांतून फिरवायचं, हे वाटाड्याचं काम आमच्यात पुरुषांचं. फ्रेजानं ते मागितलं तेव्हा जाणत्यांनी बराच घोळ घातला. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरल्या हाज अतवांनी अट घातली: फक्त बायकांना न्यायचं आणि सूर्य मावळायच्या आत परतायचं. एकदा जरी चुकलं, तरी टोळीतली कुठलीच बाई पुन्हा वाट दाखवणार नाही.

पहिल्याच खेपेला कैरोच्या सहाजणी आल्या. कुणी मागं राहू नये म्हणून मी शेवटी चालत होते. दिवस झकास गेला. अरुंद फटींतून एकमेकींना ढकलत, हसत त्या चालल्या. निखाऱ्यांत भाजलेल्या भाकरीवर आडवा हात मारला. परतताना सबीहाआत्याचा तंबू दिसला आणि मी आधी सूर्य किती वर आहे ते पाहिलं.

ही फ्रेजाची सख्खी आत्या. हे काम बाईला शोभत नाही, असं सगळ्यांत मोठ्यानं हीच म्हणाली होती. आमच्यात कुणाच्या तंबूवरून जाताना चहा घ्यावाच लागतो, आणि तोही तीन पेले. एकावर उठलं तर तो घरच्यांचा अपमान. मी फ्रेजाच्या कानाला लागले, मागच्या गल्लीतून गुपचूप निसटू.

"आत्याच्या दारावरून तोंड चुकवून जाऊ?" ती म्हणाली. "आपली रीतच चुकवायची, तर वाट दाखवायला मी कशाला हवी?"

झालं, बसलो. आत्यानं चहा असा सावकाश उकळला की मला तिचा रागच आला. अट तिलाही माहीत होती. तिसरा पेला भरताना तिनं विचारलं, "उन्हं कलली की गं. तुला घाई नाही?"

"आहे ना," फ्रेजा म्हणाली. "पण तुझ्या चहापेक्षा जास्त नाही."

 आम्ही निघालो, तशी आत्याही काठी घेऊन आमच्याबरोबर निघाली.

दरीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. बाभळीखाली हाज अतवा बाकीच्या जाणत्यांबरोबर उभेच होते. अट काय ठरली होती, एवढंच हाज अतवांनी विचारलं. फ्रेजानं मान खाली घातली. ती सबब सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. मला रडू येत होतं.

आत्या पुढं झाली. "माझ्या तंबूवरून पाहुण्या चहा न घेता गेल्या असत्या, तर उद्या तुम्ही हिला काय म्हटलं असतं?"

हाज अतवांनी दाढी खाजवली. बाकीचे पुरुष इकडंतिकडं बघू लागले. 

"पुढच्या खेपेला जरा लवकर निघत जा," अखेर ते म्हणाले.

फ्रेजानं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली. आत हसत होती की रडत होती, कोण जाणे. आत्या मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढच्या खेपेला मीही येणार. माझ्या दारापुढून जाणारी ही वाट पुढं खडकांत कशी आहे, मी अजून पाहिलेलीच नाही."