पेटीतली बाई

आमचे हे जादूगार, आणि मी त्यांची पेटीतली बाई. लग्न होऊन आले तेव्हा आमचा व्हरायटी शो जोरात होता. देऊळगाव राजाच्या यात्रेत तंबू लागायचा आणि एका तिकिटात लोकांना गाणं, नाच, नकला, जादू सगळं मिळायचं. शेवटी करवतीनं बाई कापायची. मी गुडघे छातीशी घेऊन पेटीच्या अर्ध्या भागात मुडपून पडायचे. दुसऱ्या अर्ध्यातून रबरी पाय बाहेर दिसायचे. त्या पायांत जोडवी मीच घालायचे, नखांना रंगही मीच लावायचे. टाळ्या मात्र ह्यांना.

मग घरोघर टीव्ही आला. त्यावरही तेच! एक गातो, एक नकला करतो, मध्येच कोणी नाचून जातं. आमचाच कार्यक्रम, फक्त दिवे जास्त. आमचा नकलाकार लग्नांत सूत्रसंचालन करायला लागला, नाचणाऱ्या पोरी आपापल्या संसाराला लागल्या. उरलो आम्ही दोघं आणि पेटी. पेटी होती तेवढीच राहिली, मी मात्र वाढले. कंबर तर आता पेटी नुसती दिसली तरी दुखायला लागते. 'बस झालं आता' एवढंच ह्यांना सांगायचं होतं. पण पेटी पुसताना ह्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की मी ते गिळून टाकायचे. त्या गिळण्याचाही कंटाळा आला होता.

परवा वडनेर भोलजीला एका शाळेत स्नेहसंमेलन होतं. ह्यांनी करवत उचलली, तोच पुढच्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "बाईनं पाय पोटाशी घेतले! मी मोबाईलवर पाह्यलं!"

सगळी शाळा हसली. पेटीबाहेर माझं फक्त डोकं. खालून मला ह्यांचा चेहरा दिसला, पार उतरलेला. तरी ह्यांनी मला कापलं. कोणी श्वास रोखला नाही.

खेळ संपल्यावर एक मुलगी ह्यांना सोडून थेट माझ्याकडे आली.

"मावशी, इतकुशा जागेत तुमी मावता तरी कशा? दुखत नाही का?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. मला रडू आलं आणि, खरं सांगते, बरंही वाटलं.

"दुखते माय," मी म्हटलं, "लय दुखते."

हे मागे वायर गुंडाळत होते. त्यांनी ऐकलं.

परतताना टेम्पोत पेटी मागे, आम्ही पुढे. नांदुरा आलं तसं मी सांगून टाकलं.

"आता मी नाही जात पेटीत."

"हाव," हे म्हणाले. "दुखते म्हणून आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुमी काऊन नाही इचारलं?"

ह्यांनी वळून मागच्या पेटीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "पेटीत तू नाही, तं मी काय कापू?"