चोवीस ताटांचा क्रम

समजा, हे काम तुम्हालाच करायचं आहे. समोर पेनड्राइव्हएवढं एक यंत्र आहे. त्याला बोटाएवढा पडदा आणि दोन बटणं. आपले बिटकॉइन कुठल्या ऑनलाइन कंपनीच्या भरवशावर न ठेवता स्वतःच्या ताब्यात ठेवायचे, म्हणून तुम्ही ते मागवलंय. सील फोडण्याआधी खोकं चारही बाजूंनी तपासलंय. यंत्र चालू केलं की ते एकामागोमाग एक चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. रिबन, लेमन, विंडो, असे एकमेकांशी काही नातं नसलेले. हे शब्द म्हणजेच तुमचे पैसे. यंत्र हरवलं, मोडलं, चोरीला गेलं, तरी बिघडत नाही. नवं यंत्र घ्यायचं, त्यात तेच चोवीस शब्द त्याच क्रमाने भरायचे, पैसे पुन्हा हजर. पण शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर पैसे त्याचे. म्हणून फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत, कॉम्प्युटरवर टाइप करायचे नाहीत. हाताने लिहायचे. आता सांगा, कशावर लिहाल? आणि कुठे ठेवाल?

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांत राहणाऱ्या रुद्रेशला हा प्रश्न दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात पडला होता. कागदावर त्याचा भरवसा नव्हता. दोन महापुरांत त्याने घरातला प्रत्येक कागद मरताना पाहिला होता. दहावीचं प्रमाणपत्र, रेशनकार्ड, अव्वा-अप्पांच्या, म्हणजे आईवडलांच्या, लग्नाचा फोटो, सगळ्याचा लगदा. टिकलं ते स्टील. चिखल धुतला, राखेने घासलं, की ताट पुन्हा ताटच.

आणि ताटं घरात होतीच. स्वयंपाकाच्या खोलीत, भिंतीवर उंच लावलेल्या मांडणीत चोवीस ताटं उभी होती. अव्वाच्या लग्नात आलेली. प्रत्येकाच्या काठावर देणाऱ्याचं नाव घातलेलं. त्यांत कधी कुणी जेवलं नव्हतं. पुराचं पाणी छातीएवढं आलं तेव्हाही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. रुद्रेशला कळायला लागल्यापासून ती तिथेच होती, भिंतीसारखी.

अव्वा कुरुंदवाडला भाच्याच्या लग्नाला गेली, त्या दिवशी त्याने बाजारातून भांड्यांवर नावं घालायचं मशीन मागून आणलं. उद्यमनगरातल्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर धातू कापणाऱ्याला ते जड नव्हतं. वरच्या फळीवर बारा, खालच्या फळीवर बारा, डावीकडून उजवीकडे. एकेक ताट उतरवायचं, पाठीवर एक शब्द कोरायचा, परत जागेवर ठेवायचं. आकडे त्याने मुद्दाम घातले नाहीत. आकडा दिसला की कुणालाही शंका येणार. नुसता शब्द दिसला तर वाटेल कंपनीचा शिक्का असेल. शब्दांची दुसरी प्रत करून दुसऱ्या गावी ठेवा, असंही यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. ते त्याला भित्र्या माणसांसाठी लिहिल्यासारखं वाटलं. शब्द आधी उतरवून घेतलेला कागद त्याने गॅसवर जाळला आणि हात धुतले.

पैसे अप्पांचे होते. त्याचे वडील प्रभुलिंग शिरोलीच्या एका फौंड्रीत आयुष्यभर भट्टीसमोर उभे राहिले आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना गेले. फंड आला तो अव्वाने जसाच्या तसा पोराच्या हातात दिला. म्हणाली, "पाणी येत न्हाय असलं घर बघ. तवर नीट ठेव." रुद्रेशने नीट ठेवले. त्याच्या समजुतीप्रमाणे याहून नीट जगात काही नव्हतं.

घर आता सापडलं होतं. पाचगावात, चढावर, दुसरा मजला. बिल्डरने सोमवारी दुपारपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. शनिवारी सकाळी रुद्रेशने यंत्र काढलं, केबल लावली, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. केबल बदलली. काळाच.

तो घाबरला नाही. अशा वेळेसाठीच तर शब्द होते. त्याचा मित्र विश्वजित याने स्वतःसाठी मागवलेलं नवं यंत्र सील न फोडता पडलं होतं, ते रुद्रेश घेऊन आला. मांडणीसमोर स्टूल ठेवला आणि एकेक ताट उलटं करत शब्द भरले. चोविसावा शब्द भरला आणि पडद्यावर आलं, की हे शब्द जुळत नाहीत. एखादं अक्षर चुकलं असेल. पुन्हा भरले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरताना त्याच्या लक्षात आलं की खालच्या फळीवरच्या एका ताटावर कोरताना मशीन निसटून उठलेला एक लांब ओरखडा आहे. तो ओरखडा पहिल्याच ताटावर उठला होता. वरच्या फळीवरच्या, डावीकडच्या पहिल्या ताटावर. हे त्याला पक्कं आठवत होतं.

अव्वा विळीवर कांदा चिरत बसली होती.

"अव्वा, ही ताटं कुणी हलवलीत?"

"हलवायला काय झालं. गेल्या साली पाणी चढलं तवा पोत्यात घालून नेलतो की. तू पुण्याला गेलतास ट्रेनिंगला. आदल्या पुरात लोकांची भांडी चोरीला गेलती, म्हणून म्हटलं, ऱ्हाऊ देत आपल्यासंगं."

"आणि परत लावताना? होती तशीच लावलीस?"

"तशीच कशाला लावू?" अव्वाने मान वर केली. "पाणी आल्यावर कोण आलं इचारायला, कोण न्हाय आलं, हे बघितल्यावर परत तशीच लावू व्हय?"

त्याला काही कळेना. अव्वाने विळी आडवी केली, हात पुसले आणि मांडणीसमोर येऊन उभी राहिली. हे पोराला सांगावं लागतंय याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. वरच्या फळीवर आपली माणसं. खालच्या फळीवर नावापुरती. डावीकडं जवळची, उजवीकडं लांबची. कोडोलीची आत्या पुरात दोन दिवस जेवणाचे डबे घेऊन कमरेएवढ्या पाण्याच्या कडेपर्यंत आली, ती खालून उचलून वर तिसरी केली. ह्या ओरखडावालीनं साधा फोन केला न्हाय. तिला खाली टाकली.

"ही कोण?"

"वाच की नाव. सौंदर्या. तुझी काकू."

"म्हंजे फक्त पुरानंतर बदललीस? त्याआधी कधी न्हाय?"

"आता ते काय एकदाच व्हतंय काय, रुद्रा? माणसं बदलत्यात तशी ताटं बदलत्यात. घट बसायच्या आधी घासाया काढतो, तवा मी बघून लावतो, आन् मधी कुणी मनातनं उतरलं तर त्याच दिशी."

सत्तावीस वर्षं तो त्या मांडणीखाली जेवत होता.

मग त्याने सांगितलं. सगळं. यंत्र, शब्द, जाळलेला कागद, मशीन. एक ताट उतरवून अव्वाने उलटं केलं, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. इंग्रजी तिला येत नव्हतं.

"तुझ्या अप्पाच्या घामाचं पैसं माझ्या ताटांच्या बुडाला लावलास," ती म्हणाली. "ताटं माझी, पैसं माझं, आन् मला एका शब्दानं बोलला न्हाईस."

"कुणालाच सांगायचं नसतंय, अव्वा. तसा नियमच हाय."

"नियम पावण्यांसाठी असतोय."

तिने ताट मांडणीत परत ठेवलं नाही. जमिनीवर ठेवलं. मग दुसरं उतरवलं. दुपारपर्यंत चोवीस ताटं फरशीवर पसरली होती आणि ती दोघं त्यांच्या मधोमध बसली होती. रुद्रेशने हिशोब आधीच केला होता. चोवीस वस्तू ओळीत लावायच्या पद्धती किती? सहावर तेवीस शून्यं. ही संख्या त्याने अव्वाला सांगितली नाही. स्वतःशीही पुन्हा म्हटली नाही.

आठ ताटं अव्वाने डोळे झाकून लावली. कुरुंदवाडच्या आज्जाचं, म्हणजे बसलिंगाप्पांचं ताट वर दुसरं. ते कधी हललं नाही. ज्ञानू मामाचं सगळ्यात शेवटी. अव्वाच्या लग्नात हुंड्यावरून बोलला होता, तो तिथून कधी हलणार नव्हता. ओरखड्याचं ताट रुद्रेशने वर पहिलं ठेवलं. बाकीची पंधरा अव्वा उचले, काठावरचं नाव वाचून घेई, थोडा वेळ मांडीवर धरून बसे आणि कुठंतरी ठेवी. "इथं वाटतंय," म्हणे. रुद्रेश शब्द भरी. जुळत नाहीत. मग ती दोन ताटांची अदलाबदल करी. जुळत नाहीत. शनिवार गेला. रविवारची सकाळ गेली. घरात चूल पेटली नाही. विश्वजितच्या बायकोने पाठवलेली भाकरी दोघांनी ताटं ओलांडत खाल्ली.

रविवारी दुपारी एकदा यंत्राने शब्द घेतले.

रुद्रेशने अव्वाचा हात धरला. पडद्यावर दोन क्षण चक्र फिरलं आणि शिल्लक दिसली. शून्य. त्याने पुन्हा पाहिलं. शून्य. मग त्याला कळलं. अडीचशे चुकीच्या क्रमांत एखादा चुकून बसतोच, आणि यंत्र भलतंच घर उघडून दाखवतं, ज्यात कधी कुणी राहिलंच नाही.

"मिळालं?" अव्वाने विचारलं.

"दुसऱ्याचं हाय. रिकामं."

त्यानंतर तो खिडकीशी जाऊन मोबाइलमध्ये काहीतरी लिहायला लागला. अव्वाने थोडा वेळ बघितलं.

"कुणाला लिवायलायस?"

"टेलिग्रामवर एक जण हाय. शब्द पाठवा, क्रम लावून देतो म्हणतोय."

"वळखीचा हाय?"

"न्हाय."

"पुरात लोकांची पोती उचलाय पण मदत करतोच म्हणून आलती माणसं."

तीन शब्द लिहून झाले होते. रुद्रेशने ते एकेक अक्षर मागे जात पुसले. शब्द परक्याला द्यायचे नाहीत, हा त्याने एवढे दिवस पाळलेला नियम या वेळी अव्वाने पाळला.

तो परत येऊन तिच्यासमोर बसला. ऊन फरशीवरून सरकत ताटांवर आलं होतं. आठ पक्की आणि ओरखड्याचं एक धरलं तरी पंधरा उरत होती, त्यांच्या पद्धती एक लाख कोटींच्या वर. तेही ती आठ बरोबर असतील तर. सोमवारची दुपार उद्यावर होती. पाचगावच्या त्या घराच्या खिडकीतून नदी लांब, चिंधीएवढी दिसते, हे अव्वाने जाऊन बघून आल्यावर चार जणींना सांगितलं होतं.

सौंदर्याकाकूचं ताट अव्वाच्या मांडीवर होतं. ओरखड्यामुळे तेवढं एक निश्चित झालं होतं. त्या वैशाखात ते वर पहिलं होतं. आज्जाच्याही आधी.

"ही पयली व्हती?" अव्वा ताटाकडे बघत पुटपुटली. "खरंच पयली व्हती?"

"व्हय. पक्कं."

"मग तवा बोलत व्हतो की आम्ही. चांगलं बोलत व्हतो." तिने ओरखड्यावर अंगठा घासला. "भांडण तर लग्नातनं परत येताना झालं. गाडीत. जाताना हिनंच माझी पिशवी धरलीती."

रुद्रेश पुढे सरकला. त्याच्या मनात पहिल्यांदाच शब्द नव्हते, आकडे नव्हते. त्याने कोरलं ते अव्वा लग्नाला गेली त्या दिवशी. म्हणजे भांडणाच्या आधी. म्हणजे मांडणीवर होती ती त्या सकाळची अव्वा, कुणावर खूश असलेली, कुणावर फुगलेली, आणि ती अव्वा समोर बसूनही त्याला सापडत नव्हती. कुणी पत्रिका उशिरा दिली, कुणी आजारात बघायला आलं, कुणाचं कुठलं वाक्य मनात राहिलं, यातलं त्याला काहीही माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं.

त्याने पंधरा ताटं तिच्या पुढ्यात सरकवली.

"अव्वा, घाई न्हाय. नीट आठव. त्या लग्नाला निघालीस त्या सकाळी तू कुणाकुणाशी बोलत नव्हतीस?"