शिरीषभावजींची इंडिया पेल एल

शनिवारी सकाळी इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या बाजारात मी भाजीच्या रांगेत उभी होते, तेव्हा मेधाचा फोन आला. "अनघा, शिरीष गेला गं," एवढंच ती म्हणाली. माझा नंबर आला. काय देऊ, असं भाजीवालीनं विचारलं आणि मी टोमॅटो मागितले. घरात टोमॅटो होते. ती पिशवी हातात घेऊन मी आमच्या घरावरून पुढे, तशीच केळकरांच्या दारात गेले... त्याला आता काही आठवडे झाले, पण अजून कशातच लक्ष लागत नाही. एक काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेते आणि तेही तसंच राहतं.

शिरीष केळकर हा मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र. म्हणून माझे ते भावजी. मेधा त्यांची बायको. दोघं इथे एकाच कंपनीत, शरीराचे आतले फोटो काढणाऱ्या यंत्रांवर काम करायचे. भावजींना एका जागी बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. फोनवर बोलताना त्यांच्या स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या चालत. जेवताना मध्येच मीठ आणायला उठत, मीठ टेबलावरच असे. दर दोन वर्षांनी घर बदलायची टूम निघे आणि मेधा बिचारी पुन्हा खोकी भरायला घेई.

एर्लांगेनला येण्याआधी ते उत्तर इंग्लंडात नोकरीला होते. तिथल्या एका ब्रुअरीची इंडिया पेल एल त्यांची लाडकी. हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी ही बिअर बोटीनं जायची, वाटेत नासू नये म्हणून तिच्यात हॉप्सची कडू फुलं जास्त घालायचे, ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. दोन हजार चारच्या सुमारास आमच्या गावात ती कुठेच मिळत नव्हती. बिअरसाठी लोक जिथे मुद्दाम येतात, तिथे राहून या माणसाला दुसरीच बिअर हवी होती! एका संध्याकाळी उभ्या उभ्या चहा पिताना म्हणाले, "मिळत नाही ना? मग घरी करू. हुबेहूब तीच."

जर्मनीत घरच्यापुरती बिअर करायला परवानगी आहे, फक्त कस्टमच्या ऑफिसला आधी कळवावं लागतं. ते त्यांनी लगेच केलं. फळं आणि लोणची टिकवायला इथल्या बायका वापरतात तो विजेचा मोठा आइनकोखर आणला, मोड आणून वाळवलेल्या सातूचं मॉल्ट आणलं. पहिल्यांदा हॉप्स इथलेच, फ्रँकोनियातले घातले. सगळ्या जिन्यात वास भरला. त्यांची मुलगी इरा नाक धरून "पापा, दास श्टिंक्ट!" म्हणत खोलीत पळाली, आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांग वर आल्या. त्यांना चव दाखवली, तर म्हणाल्या, "आल्झो, हेर केळकर, हे खोकल्यावर चांगलं आहे." भावजी जोरात हसले आणि त्याच आठवड्यात इंग्लंडहून हॉप्स मागवले. पुढे त्यांना कळलं की त्या मूळ बाटलीच्या तळाशी बिअर आंबवणारं जिवंत यीस्ट असतं. मग इंग्लंडहून कुणी येणार असलं की बाटल्या आणायला सांगत, आणि तळाचा गाळ जपून वाढवत बसत. बसत म्हणजे काय, दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघत.

परीक्षक मी. मी बिअर पिणारी नव्हे, म्हणून माझी जीभ कोरी, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मिलिंद सगळ्यालाच छान म्हणायचा. तीन पेले समोर यायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि कुठल्या पेल्यात भावजींची ते मी सांगायचं. मला ते दर वेळी ओळखू यायचं.

"कशावरून ओळखता हो?" त्यांनी एकदा वैतागून विचारलं.

"तुमची घाईत असते, भावजी. आंबून झाल्यावर तिला जरा पडून राहू द्या की."

"पडून राहणं आपल्याला जमत नाही, वहिनी."

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या पाठीत दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आयुष्यभर त्या यंत्रांवर काम केलेला माणूस, डॉक्टर समजावून सांगेपर्यंत पडद्यावरचं सगळं वाचून बसला होता. नुकत्याच भरलेल्या बाटल्या तळघरात तशाच राहिल्या. हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या, आणि उपचारांनी त्यांच्या तोंडाची चवच गेली. वरणभातालासुद्धा पत्र्याची चव येते म्हणायचे.

उन्हाळ्यात एका रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. इंग्लंडची ताजी बाटली आलेली होती, आणि हिवाळ्यापासून तळघरात पडून राहिलेली त्यांची एक वर आणलेली होती. मिलिंदनं आत जाऊन पेले भरून आणले. मी चव घेतली, पुन्हा घेतली आणि डावीकडच्या पेल्यावर बोट ठेवलं. "ही तुमची."

मिलिंद मान हलवत म्हणाला, "नाही. ती इंग्लंडची."

मला वाटलं भावजी खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. "मुद्दाम चुकलात."

"नाही हो भावजी, शप्पथ!"

"सगळे हल्ली माझ्याशी गोड बोलतात. डॉक्टर, मिलिंद, मेधा... तुम्ही तरी नका बोलू." टेबलाला धरून ते उठले.

"शिरीष, बस ना रे," मेधा म्हणाली. ते बसले नाहीत.

मला रागच आला. "मिलिंद, परत ओत," म्हटलं, "आणि पेल्यांच्या जागा बदल." खूप वेळ घेतला मी. पाणी प्यायले, पुन्हा वास घेतला. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मला कळत नाहीये."

"तुम्हाला कळत नाहीये?"

"नाही. फरकच कळत नाहीये."

क्षणभर त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग टेबलावर थाप मारली, "गेनाऊ! अगदी हेच!" आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मला पत्राच लागतोय. तुम्ही सांगा कशी आहे." मी सांगत गेले... आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग भाजलेला पाव, मागाहून कारल्यासारखा कडवटपणा, पण घशात न अडकणारा. "अजून?" "अजून?" करत त्यांनी मला अख्खा पेला प्यायला लावला.

आता तरी या माणसाचा जीव थाऱ्यावर येईल असं मला वाटलं होतं. दोनच दिवसांत त्यांचा फोन. "वहिनी, ही तर दुसऱ्याची झाली. आता माझी स्वतःची करतो." अंगात ताकद नव्हती. भांडी मिलिंदनं उचलली, भावजी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. ही कशी लागायला हवी, ते मात्र कुणाला सांगेनात. ती आंबत असतानाच त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि ते परत आले नाहीत.

मागच्या रविवारी मेधा म्हणाली, "ते शेवटच्या बिअरचं पिंप तसंच आहे गं तळघरात. फेकवत नाही." आम्ही दोघी खाली गेलो. बाटल्या धुतल्या, मिलिंदला फोन करकरून बाटलीत फेस धरायला लागणारी साखर मोजली आणि नळीनं एकेक बाटली भरली. निम्मी फरशीवर सांडली. शेवटी तळाशी थोडी उरली, ती मेधानं कपात घेतली. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्या बिअरला ओठ लावला नव्हता. एक घोट घेऊन तिनं डोळे मिटले, मग कप माझ्यापुढे केला.

"कशी आहे? खरं सांग."

मी चव घेतली. ती कुणासारखी लागत नव्हती.

"कच्ची आहे अजून," मी म्हटलं. "थांबावं लागेल."

"किती?"

"ते मला नाही सांगता येणार, मेधा."

तिनं मान हलवली, कप माझ्या हातून घेतला आणि उरलेली पिऊन टाकली. मग आम्ही फरशी पुसायला घेतली.