तिसरा मुखडा

त्या चार पोरांच्या बँडबद्दल कुणी विचारलं की मी कानाला हात लावून ‘ऐकू कमी येतं’ अशी खूण करायचो. ते खोटं आहे. सत्तरी उलटली तरी माझे कान शाबूत आहेत. इतकी वर्षं मी हा विषय टाळला, कारण तो काढला असता तर माझी चूकही सांगावी लागली असती.

माजलगावात मोंढ्याच्या धान्यबाजारामागं माझी रेकॉर्डिंगची खोली होती. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, मध्ये काच. भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्या, भजनी मंडळं, निवडणुकीतली प्रचाराची गाणी, सगळं तिथं व्हायचं. आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. आमच्या कामाची एक रीत होती. मुखडा एकदाच चांगला गाऊन घ्यायचा आणि गाण्यात जिथं जिथं तो परत येतो तिथं तोच चिकटवायचा. गायकाचा घसा वाचतो आणि सूर सगळीकडं सारखा राहतो. खोकला, श्वास, घसरलेला शब्द कापून टाकायचा. माझं काम साफ असतं असं पार आष्टीपर्यंतचे लोक म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

ही पोरं पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, “काय गाता?”

“इमो, काका,” गिटारवाला म्हणाला.

“म्हंजी?”

“मनातलं दुःख जोरात गायाचं. वरडून.”

“ते तर आपल्याकडं मयतीला बाया करत्यात की बे. त्याला गिटार कशाला?”

चौघंही हसली. त्यांच्यातला गाणारा म्हणाला, “बायांना मोकळीक हाय, काका. आमाला न्हाई. म्हणून गिटार.”

हा गाणारा माझ्या ओळखीतल्या घरचा. त्याचे वडील भीमगीतं गायचे. घरात आणि बाहेरही त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या कितीतरी कॅसेट मी केल्या. दादांचा मुखडा एकदा घेतला की दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडत नसे. पुढं त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दोन वर्षं ते घराच्या ओट्यावर बसून राहिले, ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. मग गेले.

बँड चालला नाही. गॅदरिंगमध्ये गायला उभी राहिली की समोरून ‘नाचायचं लावा’ अशी ओरड व्हायची. आधीचे दोन अल्बम त्यांनी इंटरनेटवर टाकले, ते मित्रांशिवाय कुणी ऐकले नसावेत. मग गाणाऱ्याला चाकणला कंपनीत नोकरी लागली. तिसरा अल्बम शेवटचा, हे न बोलताही सगळ्यांना कळलं होतं. त्यातलं शेवटचं गाणं दादांवर होतं, आणि ते त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला बाहेर काढायचं ठरलं होतं.

त्या गाण्यात मुखडा तीनदा येतो: ‘हाक मार, दादा, एकदा हाक मार.’ पहिल्यांदा त्यानं तो लहान मुलासारखा, हळू म्हटला. दुसऱ्यांदा चिडून. तिसऱ्यांदा ‘हाक’ एवढाच शब्द ओरडला आणि त्याचा आवाज चिरला. पुढं काहीच नाही. मी काचेच्या अलीकडून रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात गिटारवाल्यानं माझ्याकडं बघून पंजा वर केला. थांबवू नका. तो एकच तार वाजवत राहिला. बऱ्याच वेळानं गाणाऱ्यानं उरलेले शब्द जवळजवळ न गाता, नुसते म्हटले. संपल्यावरही रेकॉर्डिंग बंद करायचं माझ्या ध्यानात आलं नाही.

स्मृतिदिन उद्यावर आला होता. गाणारा तयारीसाठी गावी गेला आणि गिटारवाला माझ्यासोबत काम पुरं करायला थांबला. दुपारी मी त्याला म्हणालो, “जा, जेवून ये. राह्यलेलं मी करतो.” तो गेला आणि मी ते गाणं परत लावलं. आता खोलीत मी एकटा होतो, आणि मला नुसता फाटलेला आवाज ऐकू आला. दादांचा पोरगा, आणि असा बेसूर? लोक काय म्हणतील? मी पहिला मुखडा उचलला आणि तिसऱ्याच्या जागी चिकटवला. मधली ती शांतता कापली. खरं सांगतो, मला वाटलं मी त्या पोरावर उपकार करतोय.

गिटारवाला घाईनं परत आला. सुरुवात उभ्याउभ्या ऐकली, “मस्त, काका,” म्हणाला आणि पेनड्राइव्ह घेऊन गेला. संध्याकाळी अल्बम इंटरनेटवर चढला. भीमजयंतीच्या पार्ट्या रांगेत होत्या, कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती, म्हणून मी मूळ रेकॉर्डिंग त्याच दिवशी पुसून टाकलं. ही पण माझी रीतच होती.

स्मृतिदिनाला गाणाऱ्यानं ते गाणं स्पीकरवर लावलं, आईसमोर, सगळ्या गावासमोर. तिसरा मुखडा पहिल्यासारखाच गोड आला.

पुढच्या दिवशी तो माझ्या दारात उभा. आत एक पार्टी बसलेली, हार्मोनियमवाला, कोरसच्या बाया.

“काका, ह्ये कुणी केलं?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. इतक्या वर्षांचं माझं नाव त्या खोलीत माझ्याभोवती बसलं होतं. मी म्हणालो, “तुझ्या माणसानं सांगितलं तसं केलं. तोच बसला होता इथं.”

त्यानं ते खरं मानलं आणि दारातूनच परत फिरला. गिटारवाला त्याला कधीमधी ‘जरा सुरात घे की’ म्हणायचा, ते त्याला आठवलं असणार.

मग गिटारवाला आला. तो भांडला नाही. “काका, तुमी माझं नाव सांगितलं?”

“मला काय आठवतंय, बाळा. एवढ्या पार्ट्या येतात.”

कोपऱ्यात त्याची वायर पडली होती. ती त्यानं कोपरावर नीट गुंडाळली आणि गेला. ती चौघं परत कधी एकत्र वाजवायला बसली नाहीत.

गेल्या वर्षी लातूरकडच्या एका मुलीनं या अल्बमवर इंटरनेटवर भरभरून लिहिलं. माझ्या नातीनं ते मला वाचून दाखवलं. असा बँड आपल्या भागात होता आणि आपण ऐकलाच नाही, असं त्या मुलीनं लिहिलंय. शेवटी तिनं हेही लिहिलंय की गिटारवाल्यानं शेवटचं गाणं सपाट केलं आणि तिथंच बँड मोडला. म्हणजे ते आता छापल्यासारखं झालं. ज्यानं तो मुखडा वाचवायला पंजा वर केला, त्याच्याच माथी तो कापल्याचा दोष. म्हणून हे लिहितोय. मुखडा मी कापला. त्याचं नाव मी खोटं घेतलं.

लिहायला बसण्याआधी त्याच्याकडं गेलो होतो. तो आता वडिलांचं हार्डवेअरचं दुकान बघतो. कानशिलावर केस पांढरे झालेत. मला बघून त्यानं स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला, गुडघ्यांची चौकशी केली. चहा संपला. तो म्हणाला, “काका, काही काम होतं का?”

“एक बल्बचा होल्डर दे,” मी म्हणालो.

त्यानं तो कागदात गुंडाळून दिला. मी पायरी उतरून रस्त्यावर आलो, तेव्हा वाक्य तोंडात आलं: मला माफ कर, ते तू केलं नव्हतंस. मागं वळून पाहिलं, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला खिळे जोखून देत होता.